सुटी गोळी फोटोवरून ओळखता येते का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईच्या कपाटात स्टीलच्या डबीत पाच-सहा प्रकारच्या सुट्या गोळ्या सापडल्या, त्यांची पाकिटे केव्हाच टाकून दिलेली. त्यातल्या एका लहान, गोल, पांढऱ्या गोळीचा फोटो तुम्ही इंटरनेटवर टाकून विचारणा केली. एकाने ती थायरॉईडची सांगितली, दुसऱ्याने बीपीची, तिसऱ्याने झोपेची, आणि मोबाईलमधल्या ॲपने चौथेच नाव दिले. यातले कोणते खरे धरायचे आणि ती गोळी आईला पुन्हा सुरू करायची का, हे तुम्हाला विचारायचे आहे.

कोणतेच खरे धरू नका आणि ती गोळी देऊ नका. मी रुग्णालयाच्या औषधालयात अनेक वर्षे काम करते आहे, रोज शेकडो गोळ्या हाताखालून जातात, तरी तो फोटो पाहून मी नाव सांगणार नाही. अनुभवाचा इथे उपयोग नाही, कारण जी माहिती हवी आहे ती त्या गोळीवर नाहीच.

आपल्याकडे औषधाची ओळख पाकिटावर असते, गोळीवर नसते. १९४५ च्या औषध नियमांतला ९६ वा नियम लेबलवर काय छापायचे ते सांगतो: औषधाचे नाव, त्यातले घटक आणि त्यांचे प्रमाण, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख. हे सगळे वेष्टनावर. प्रत्यक्ष गोळीवर काही कोरावे अशी सक्ती भारतात नाही. काही कंपन्या आपणहून नाव किंवा आकडा उमटवतात, बहुतेक उमटवत नाहीत. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आला. तो मोबाईलने वाचला की बॅच, मुदत, उत्पादक सगळे दिसते आणि सोय खरोखर चांगली आहे. पण तो कोडही वेष्टनावरच. वेष्टन कचऱ्यात गेले की हातात उरतो तो रंग आणि आकार. ते दोन्ही ठरवायला कंपनी मोकळी असते.

मग फोटोवरून गोळी ओळखता येते हा समज आला कुठून? अमेरिकेतून. तिथे १९९५ पासून विक्रीसाठी येणाऱ्या जवळपास प्रत्येक गोळीवर आणि कॅप्सूलवर अक्षर-आकड्यांचा ठसा असणे कायद्याने बंधनकारक आहे. ठसा, रंग, आकार आणि माप एकत्र पाहिले की औषध, त्याची ताकद आणि उत्पादक नक्की सांगता यावा, असा त्या नियमाचा हेतू. म्हणून तिथे ‘ठसा टाका, गोळी ओळखा’ अशी शोधयंत्रे तयार झाली. तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे ‘पिलबॉक्स’ नावाचे असेच एक सरकारी शोधयंत्र होते, ते २०२१ मध्ये बंद झाले. खासगी अजून चालू आहेत. अमेरिकेत, अमेरिकेतल्या गोळीसाठी, त्यांचा उपयोग आहे. नाशिकच्या दुकानातून घेतलेली गोळी त्या यंत्राला दिली तर दोनच गोष्टी होतात: काहीच सापडत नाही, किंवा दिसायला जवळची एखादी अमेरिकन गोळी सापडते. दुसरी शक्यता जास्त वाईट, कारण तिच्यासोबत स्वच्छ फोटो, इंग्रजी नाव आणि डोससुद्धा येतो आणि माणसाला वाटते, उत्तर मिळाले.

आता तुमच्या त्या लहान पांढऱ्या गोल गोळीकडे या. भारतात या वर्णनात बसणारी, मला न आठवता सांगता येतील अशी औषधे ऐका: थायरॉईडची थायरॉक्सिन, हृदयाची डिजॉक्सिन, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, लघवी वाढवणारी फ्युरोसेमाईड, मधुमेहाची ग्लिबेनक्लामाईड, झोपेची किंवा घबराटीची अल्प्राझोलॅम, स्टेरॉईडपैकी डेक्सामेथासोन. यातल्या प्रत्येकीचे अनेक ब्रँड आहेत आणि सगळेच पांढरे नाहीत, पण प्रत्येकीत पांढरे सापडतात. तुम्हाला उत्तर देणाऱ्या तिघांपैकी कोणी खोटे बोलले नसणार. एकाच्या घरात थायरॉईडची तशी गोळी असेल, दुसऱ्याच्या वडिलांची बीपीची तशीच असेल. ‘आमच्याकडे अगदी अशीच आहे’ हे वाक्य खरे असते आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. मोठ्या लांबट पांढऱ्या गोळ्यांचेही तेच. पॅरासिटामॉल ६५०, मेटफॉर्मिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन ५००, कॅल्शियम शेजारी ठेवा आणि घरातल्या कोणालाही ओळखायला सांगा.

यामागे कारखान्यातले साधे कारण आहे. गोळी दाबणारे साचे ठरावीक मापांचे असतात आणि तोच गोल साचा उद्या वेगळ्या औषधासाठी वापरला जातो. हिमाचलमधल्या बद्दीसारख्या ठिकाणी एकच कारखाना अनेक कंपन्यांसाठी गोळ्या बनवतो, आणि उलट एकाच ब्रँडचे उत्पादन दोन कारखान्यांत होऊ शकते. वरचे आवरण बदलले की रंग बदलतो. त्यामुळे नेहमीच्या दुकानातून नेहमीचे औषध आणले तरी या महिन्यात गोळी वेगळी दिसू शकते. जेनेरिक घेणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे. गोळीच्या मध्यावर रेघ आहे म्हणून ती अमुक, असेही लोक सांगतात. ती रेघ अर्धी करण्यासाठी असते, तिने नाव कळत नाही.

रंगाला अर्थ असतोच कधी कधी, पण तो त्या योजनेपुरता किंवा त्या देशापुरता. आपल्या अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात लोहाच्या गोळ्या वयाप्रमाणे रंगांत येतात: ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी, किशोरवयीन मुलामुलींना निळी, गरोदर आणि प्रजननवयातील स्त्रियांना लाल. शाळेत मिळालेली निळी गोळी लोहाची, हे त्या चौकटीत बरोबर. त्या चौकटीबाहेर निळ्या रंगाला तो अर्थ नाही. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचे उदाहरण तर अंगावर काटा आणते. ब्रिटनमध्ये गुलाबी वॉरफरिन ५ मिलिग्रॅमची असते, अमेरिकेत गुलाबी १ मिलिग्रॅमची. मुलगी लंडनला, मुलगा न्यू जर्सीला आणि आईवडील वर्षभरात दोन्हीकडे राहून येणारे, अशी कुटुंबे आता आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यात कोणी ‘ती गुलाबीवाली रोज एक घ्या’ असे फोनवर सांगितले तर पाचपट फरक पडू शकतो, आणि या औषधात पाचपट म्हणजे मेंदूतला किंवा पोटातला रक्तस्राव.

फोटोबद्दलही थोडे. ट्यूबलाइटखाली पांढरे पिवळसर दिसते, पाठवताना चित्र दाबले जाते आणि कोरलेली बारीक अक्षरे पुसली जातात. शेजारी मोजपट्टी नसेल तर सहा मिलिमीटर आणि नऊ मिलिमीटर यांतला फरक कळत नाही. ॲप किंवा एआय सहायक याच अपुऱ्या चित्रावरून अंदाज बांधतात आणि अंदाज आहे असे म्हणण्याऐवजी नाव सांगून मोकळे होतात. उत्तर देणाऱ्याचा आत्मविश्वास आणि उत्तराचा खरेपणा यांचा संबंध नाही, मग उत्तर देणारे माणूस असो की यंत्र.

समजा नशिबाने नाव बरोबर निघाले. तरी काम अर्धेसुद्धा झाले नाही. ‘टेल्मा आहे’ असे कोणी सांगितले, तर कोणती टेल्मा? साधीत टेल्मिसार्टन एकटे असते. एच लावले की सोबत लघवी वाढवणारे औषध येते, एएम लावले की अ‍ॅम्लोडिपिन येते. आणि प्रत्येकीत ४० की ८०, हे वेगळेच. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, पण ग्लायकोमेट जीपी म्हटले की त्यात ग्लिमेपिराईडही आले, आणि ते साखर एकदम खाली आणू शकणारे औषध आहे. ज्येष्ठांच्या घरात मला सर्वांत जास्त धास्ती या शेपटाच्या अक्षरांची वाटते. नाव तेच वाटते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. शिवाय मुदत कधी संपली आणि डबीत ती किती पावसाळे ओल खात पडली, हे कोणत्याही फोटोत येत नाही.

नावांचा सारखेपणा हा आपल्याकडचा जुना रोग आहे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. २००१ मध्ये फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियाच्या दोन औषधांच्या वादात न्यायालयाने म्हटले की औषधांच्या नावातल्या गोंधळाकडे इतर वस्तूंपेक्षा अधिक कडकपणे पाहायला हवे, कारण चूक जिवावर बेतू शकते. शिकलेले डॉक्टर आणि केमिस्टही चुकू शकतात, हा मुद्दा तेव्हा विचारात घेतला गेला. अनोळखी माणसाने घाईत टंकलेले नाव, त्यात एखादे अक्षर इकडेतिकडे, हे त्याहून कितीतरी कच्चे आहे.

चुकीच्या ओळखीने नेमके काय होते, याचे एकच उदाहरण नीट सांगते, कारण संधिवाताच्या अनेक घरांत ही जोडी असते. मेथोट्रेक्सेट २.५ मिलिग्रॅम आणि फोलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम. अनेक ब्रँडमध्ये दोन्ही लहान, गोल, पिवळ्या. एकाच रुग्णाला दोन्ही दिलेल्या असतात, कारण फोलिक अ‍ॅसिड मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करते. फरक असा की संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. सुट्या पिवळ्या गोळ्या डबीत मिसळल्या आणि कोणी ‘ही फोलिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन आहे, रोज घेतली तरी चालते’ असे सांगितले, तर काही दिवसांत तोंडात फोड येतात, जेवण जात नाही, मग ताप येतो. तोवर हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होणे थंडावलेले असते. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे आणखी लवकर होते. यात माणसे दगावतात. घरच्यांना वाटत असते, उष्णता झाली आहे. तुमच्या आईच्या गुडघ्यांसाठी कधी संधिवाताच्या डॉक्टरांचे औषध चालू होते का, हे म्हणूनच मी आधी विचारेन, आणि डबीत लहान पिवळ्या गोळ्या असतील तर त्या आजच वेगळ्या करून ठेवा.

धोका नुसता घेण्यात नाही, थांबवण्यातही आहे. हा भाग सल्ला देणाऱ्यांच्या लक्षात फार कमी वेळा येतो. ‘ही झोपेची आहे, सवय लागते, ताबडतोब बंद करा’ असे कोणी सांगितले आणि प्रत्यक्षात ती फिटची गोळी निघाली तर फिट परत येऊ शकते. खरोखर अल्प्राझोलॅम असेल आणि आई महिनोन्महिने घेत असेल, तरी एका दिवसात बंद केल्यावर थरथर, अनिद्रा, क्वचित झटकेही येतात. हृदयाच्या ठोक्यांची काही औषधे अशी आहेत की अचानक सोडली की छातीत दुखू लागते. आणि स्टेरॉईड. खेड्यापाड्यांत आणि शहराच्या कडेलाही सांधेदुखीवर कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या गोळ्यांनी ‘दोन दिवसांत फरक’ पडतो, त्यात पुष्कळदा स्टेरॉईड असते. काही आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही ते मिसळलेले सापडले आहे. महिनोन्महिने ते पोटात गेले की शरीर स्वतःचे स्टेरॉईड बनवणे कमी करते. मग पुडी अचानक थांबवली तर रुग्ण गळून जातो, उलट्या होतात, बीपी पडतो. म्हणून पुडीतले औषध चालू असेल तर मी ‘फेकून द्या’ असे फोनवर सांगत नाही. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा, किती दिवस घेतली ते सांगा, असे सांगते.

मग ओळखायचे कसे? आम्ही रुग्णालयात जे करतो तेच तुम्ही घरी करू शकता: गोळीकडे बघणे थांबवा आणि ती आली कुठून ते शोधा. प्रिस्क्रिप्शनची फाइल, रुग्णालयातून घरी सोडतानाचे डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिले. जुनी पर्स आणि देवघरामागचा खण बघायला विसरू नका, बिले तिथे असतात. नेहमीच्या मेडिकलवाल्याकडे जा. आज बहुतेक दुकानांत संगणकावर बिले होतात आणि मोबाईल नंबरवरून मागच्या वर्षाची खरेदी निघते. प्रतिजैविकांपैकी काही, क्षयाची औषधे, अल्प्राझोलॅमसारखी झोपेची औषधे अशा एच-१ यादीतल्या औषधांची तर वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे सांभाळणे दुकानदाराला बंधनकारक आहे. तिथे रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव, औषध आणि संख्या असते. सरकारी दवाखान्यातून घेतली असेल तर केसपेपर मागा. पुडी देणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा की यात काय आहे ते पुडीवर लिहून द्या. तो रुग्णाचा हक्क आहे आणि विचारताना ओशाळायचे कारण नाही.

हे सगळे जमले की एक यादी तयार होते. मग दुकानातून त्या ब्रँडचे नवे पाकीट मागून समोर ठेवा आणि डबीतली गोळी शेजारी धरून बघा. इथे एक गोष्ट फार काटेकोरपणे पाळायची. तुलनेतून ‘ही ती नाही’ असे खात्रीने म्हणता येते. ‘ही तीच आहे’ असे खात्रीने म्हणता येत नाही. दिसायला जुळली तरी डबीतली गोळी पुन्हा पोटात जाऊ नये. आईला त्या औषधाची गरज असेल तर डॉक्टरांना विचारून नवे पाकीट घ्या, जुनी टाका. तीस-चाळीस रुपयांच्या गोळ्या वाचवण्यासाठी एवढी जोखीम घेण्याचे कारण नाही.

प्रयोगशाळेत तपासून मिळेल का, असे काहीजण विचारतात. औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या २६ व्या कलमात कोणत्याही खरेदीदाराला शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेण्याची सोय आहे. मुंबई आणि नागपूरला अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा आहेत. पण तिथे साधारणपणे, पाकिटावर लिहिलेले औषध आत आहे का आणि पुरेसे आहे का, हे पाहिले जाते. बनावट औषधाचा संशय असेल, बिल हातात असेल, तर तो मार्ग जरूर धरा. डबीतल्या निनावी गोळीसाठी तो मार्ग लांबचा आहे.

आता निकडीचे. आईने ती गोळी आधीच घेतली असेल, किंवा घरातल्या लहान मुलाने डबी उघडली असेल, तर ओळख पटवण्यात एक मिनिटही घालवू नका. फोटो टाकून उत्तराची वाट पाहणे हा त्या वेळेचा सर्वांत महागडा वापर आहे. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. त्यांना वय, वजन, साधारण वेळ आणि घरात कोणकोणाची कोणती औषधे आहेत ते सांगा. शेवटची माहिती सर्वांत कामाची, कारण बहुतेक वेळा गोळी घरातल्याच कोणाची तरी असते. माणूस सुस्त असेल, श्वास लागत असेल, झटके येत असतील तर आधी १०८. उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. तिने रक्तातले सोडियम धोकादायक वाढू शकते, आणि सुस्त माणसाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. उरलेल्या गोळ्या, डबी आणि घरातली सगळी पाकिटे पिशवीत भरून रुग्णालयात न्या.

लहान मुलांबाबत एक गोष्ट मी प्रत्येक आजी-आजोबांना सांगते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराईड किंवा ग्लिबेनक्लामाईड गटातली एकच गोळी लहान मुलाच्या जिवाला धोका ठरू शकते. वाईट हे की परिणाम उशिरा दिसू शकतो. मूल खेळत असते, ग्लुकोमीटरवर साखर ठीक येते, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि काही तासांनी, कदाचित रात्री झोपेत, साखर कोसळते. म्हणून अशा मुलाला रुग्णालयात निदान रात्रभर देखरेखीखाली ठेवावे लागते. लोहाच्या गोळ्यांचेही असेच फसवे आहे: सुरुवातीला उलट्या, मग बरे वाटते, मग प्रकृती ढासळते. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या बीपीच्या गोळ्याही लहान मुलांसाठी कमी गोळ्यांत जास्त घातक. ‘एकच तर खाल्ली’ या वाक्यावर विसंबून घरी थांबू नका, आणि इंटरनेटवर कोणी ‘काही होत नाही’ म्हणाले म्हणून तर नाहीच.

ज्येष्ठ व्यक्तीने अनोळखी गोळी घेतली आणि घाम, थरथर, असंबद्ध बोलणे सुरू झाले तर ग्लुकोमीटर असल्यास लगेच साखर पाहा. ७० च्या खाली असेल आणि त्या शुद्धीत असतील, नीट गिळता येत असेल, तर साखरपाणी द्या आणि तरीही रुग्णालयात न्या, कारण त्या गोळीचा असर साखरपाण्यापेक्षा जास्त टिकतो. ग्लानीत असतील तर तोंडात काहीही घालू नका.

तुमच्या प्रश्नात नाही, पण याच्याशी जोडलेली आणि मला वारंवार विचारली जाणारी एक गोष्ट इथेच लिहिते. तरुण मुलाच्या दप्तरात किंवा खिशात गोळी सापडते आणि पालक लाजेपोटी कोणाला न दाखवता इंटरनेटवर फोटो टाकतात. मालेगाव भागात अल्प्राझोलॅमला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, काही ठिकाणी झोपेच्या गोळ्यांना ‘बटन’. या नावांनी जे विकले जाते त्यात आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असेलच असे नाही. अमेरिकेत निळी, ‘एम’ आणि ‘३०’ असा ठसा असलेली ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाची गोळी प्रसिद्ध आहे. तिची हुबेहूब बनावट नक्कल बाजारात आहे आणि त्यात फेंटानिल हे त्याच वर्गातले, त्याहून कितीतरी जहाल औषध सापडते, एका गोळीत जीव जाऊ शकतो. म्हणजे ठसा सक्तीचा असलेल्या देशातही अवैध बाजारातली गोळी ठशावरून ओळखता येत नाही. तिथे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना हे ठाऊक असायला हवे. पालकांनी गोळीचे नाव शोधण्याआधी मुलाशी बोलावे, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. मूल दारूसोबत असे काही घेऊन गाढ झोपले असेल, घोरणे विचित्र वाटत असेल, हाक मारून उठत नसेल, तर ती झोप नाही, श्वास मंदावतो आहे, रुग्णालय गाठा.

तसाच आणखी एक संकोच. घरातल्या पुरुषांच्या पाकिटातली सुटी गोळी. लैंगिक समस्येवरची सिल्डेनाफिल असू शकते, जिभेखाली ठेवायची हृदयाची सॉर्बिट्रेटही असू शकते. या दोन औषधांची गाठ पडली तर बीपी धोकादायक खाली जातो. छातीत दुखत असताना पाकिटातली गोळी अंदाजाने जिभेखाली सरकवू नका. आणि डॉक्टरांनी विचारले तर पत्नीसमोर, मुलांसमोर, जे घेतले ते सांगा. आम्ही हे प्रश्न रोज विचारतो, आम्हाला त्यात काही वाटत नाही.

इंटरनेटचा काहीच उपयोग नाही असे माझे म्हणणे नाही. पाकीट हातात असेल, नाव आणि ताकद स्पष्ट वाचता येत असेल, तर ते औषध कशासाठी असते, जेवणाआधी की नंतर, कशाबरोबर घेऊ नये, हे चांगल्या ठिकाणी वाचायला मिळते आणि ते वाचून डॉक्टरांना चार नेमके प्रश्न विचारलेत तर आम्हाला आनंदच होतो. नावापासून माहितीकडे जाणारी वाट ठीक आहे. फोटोपासून नावाकडे जाणारी वाट बंद आहे.

डबीतल्या गोळ्या टाकताना संडासात किंवा मोरीत सोडू नका. चहाच्या चोथ्यात किंवा राखेत मिसळा, घट्ट पिशवीत बांधा आणि घंटागाडीवाल्याला घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधे याच गटात मोडत होती.

आणि आईवर रागावू नका. गोळ्या सुट्या का केल्या, ते आधी विचारा. बहुतेक वेळा उत्तर एकच असते: बोटे दुखतात, पाकीट फुटत नाही, विशेषतः दोन्ही बाजूंनी जाड अ‍ॅल्युमिनियम असलेले. कधी मेडिकलवाला पट्टी कापून चार गोळ्या देतो आणि नाव-तारखेचा तुकडा त्याच्याकडेच राहतो. त्याला सांगा की कापून घ्यायची असेल तर नाव आणि मुदत ज्यावर छापली आहे तो तुकडा मला द्या किंवा पूर्ण पट्टीच द्या. घरी सात कप्प्यांची डबी वापरायची असेल तर गोळ्या सोलून टाकण्याऐवजी कात्रीने पट्टीचे एकेक खाने कापून, आवरणासकट कप्प्यात ठेवा, आणि घेण्याच्या वेळी घरातल्या कोणीतरी फोडून द्या. रिकामी झालेली पाकिटे त्या महिन्यापुरती एका रबराने बांधून डबीसोबत ठेवा. बाटलीत येणारी थायरॉईडची गोळी त्याच बाटलीत राहू द्या, दुसऱ्या डबीत ओतू नका. सगळ्या औषधांची नावे, ताकद आणि वेळ एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याचा फोटो तुमच्या आणि भावंडांच्या मोबाईलमध्ये ठेवा. तो फोटो मला पाठवलात तर मी दहा मिनिटांत सांगू शकेन की यात काही एकमेकांना मारक आहे का.